पडद्यावर आपण साक्षीदार की पक्षकार?

महाविद्यालयांतील लघुपट स्पर्धा आता एकांकिका स्पर्धांइतक्याच गाजू लागल्या आहेत. ज्याच्या हाती बऱ्यापैकी मोबाईल आहे त्याच्या हाती कॅमेरा आहे. पत्रकारिता व जनसंज्ञापनाच्या वर्गांत लघुपट हा प्रकल्प म्हणून करून घेतला जातो आणि सूचनापत्रकात ‘उपेक्षित घटक’, ‘सामाजिक आशय’ हे शब्द हमखास असतात. आपल्या वस्त्यांतील मुले-मुलीही आज या वर्गांत बसलेली आहेत, ही आनंदाची बाब आहे. चळवळीत काम करणाऱ्या वकिलाकडे अशा पटकथा येतात त्या एकाच प्रश्नासह : यात काही कायदेशीर अडचण येईल काय? त्या वाचताना कायद्याच्या अडचणीपेक्षा वेगळीच आणि मोठी अडचण नजरेस येते.

बहुतेक पटकथांचा साचा ठरलेला असतो. पहाटेचा रस्ता, झाडूचा आवाज, खोकणारी बाई. तिच्या मुलाला बूट हवे आहेत. बंगल्यातील मालकीण तिला पाणी वरून ओतते. कॉलेजातील एक संवेदनशील मुलगा हे पाहतो, अस्वस्थ होतो आणि त्याचे हृदयपरिवर्तन होते. शेवटी बासरी वाजते आणि बाई कॅमेऱ्याकडे पाहते. पात्रांच्या यादीत त्या मुलाला नाव असते, आडनाव असते, त्याच्या मैत्रिणीलाही नाव असते. बाईच्या पुढे मात्र लिहिलेले असते : ‘सफाई कामगार स्त्री, वय ४०’. लघुपट तिच्यावर आहे असे सांगितले जाते आणि तिला नावसुद्धा नाही!

फौजदारी कायदा शिकलेल्या माणसाला हे चित्र ओळखीचे वाटते. गुन्हा घडतो आपल्या माणसावर, पण खटला चालतो शासन विरुद्ध आरोपी असा. ज्याचे घर जळाले तो त्या खटल्यात फक्त साक्षीदार असतो. त्याला बोलावले की यायचे, विचारले तेवढेच सांगायचे आणि निघून जायचे. जामिनाच्या वेळी त्याला कोणी विचारीत नसे. म्हणूनच अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ मध्ये २०१५ साली दुरुस्ती झाली आणि कलम १५ अ घालण्यात आले. २६ जानेवारी २०१६ पासून ते लागू आहे. जामीन असो, आरोपीला दोषमुक्त करणे असो की शिक्षा असो, पीडिताला आपले म्हणणे मांडण्याचा हक्क या कलमाने दिला. २०२१ मध्ये हरिराम भांभी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदी बंधनकारक असल्याचे स्पष्ट केले. पीडिताला न ऐकता दिलेला जामीन त्या प्रकरणात टिकला नाही. साक्षीदाराला पक्षकाराच्या जवळ आणणारी ही लढाई होती. न्यायालयात जी मिळवायला इतकी वर्षे लागली, ती जागा पडद्यावर अजून मिळायची आहे. उपेक्षित पात्र केंद्रस्थानी आणणे म्हणजे त्याला चौकटीच्या मध्यभागी उभे करणे नव्हे. गोष्टीतील निर्णय त्याने घेणे म्हणजे केंद्रस्थानी येणे होय. लघुपटाची आखणी करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने ही एक कसोटी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी.

या कसोटीवर भारतीय सिनेमाचा इतिहास तपासला म्हणजे पटकथांमधील तो साचा कोठून आला हे कळते. १९३६ साली बॉम्बे टॉकीजचा ‘अछूत कन्या’ आला. त्यातील अस्पृश्य मुलगी ब्राह्मण तरुणावर प्रेम करते आणि अखेरीस इतरांसाठी रेल्वेखाली प्राण देते. प्रेक्षक रडले. त्याच १९३६ मध्ये बाबासाहेबांनी जातिसंस्थेच्या उच्छेदाचे ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ हे न झालेले भाषण छापून प्रसिद्ध केले आणि मुंबईच्या महार परिषदेत धर्मांतराचा मार्ग समाजापुढे मांडला. म्हणजे खऱ्या आयुष्यात अस्पृश्य माणूस आपला निर्णय घेत होता आणि पडद्यावर तो मरत होता. १९५९ च्या ‘सुजाता’मध्ये मुलगी मरत नाही, पण घरातील बाईला स्वतःचे रक्त दिल्यावरच मुलगी म्हणून तिचा पुरता स्वीकार होतो. नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो लोकांनी १९५६ मध्ये स्वतःच स्वतःचा स्वीकार केला होता. त्याला तीन वर्षे होऊन गेल्यावरची ही गोष्ट आहे! २००१ च्या ‘लगान’मधील कचरा संघात येतो तो नायकाच्या भाषणामुळे. स्वतः त्याला खेळायचे आहे की नाही, हे कोणी विचारीत नाही. २०१९ च्या ‘आर्टिकल १५’ मध्ये अत्याचार दलित मुलींवर होतो आणि जागृती ब्राह्मण पोलीस अधिकाऱ्याची होते. या सर्व चित्रपटांचा हेतू वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. त्यांतील काहींनी आपापल्या काळात धाडसही केले. परंतु त्या सर्वांत आपला माणूस साक्षीदार आहे, खटला दुसऱ्याच कोणाच्या तरी अंतःकरणात चालला आहे.

२०२१ च्या ‘जय भीम’बद्दल एक वकील म्हणून थोडे अधिक बोलणे भाग आहे. १९९३ मधील खऱ्या प्रकरणावर तो बेतलेला आहे आणि तो खटला लढविणारे के. चंद्रू पुढे मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. तो चित्रपट पाहून कित्येक मुलांना वकील व्हावेसे वाटले, हे चांगलेच झाले. परंतु त्या चित्रपटात खरी हिंमत कोणाची आहे? गरोदर अवस्थेत, नवऱ्याचा पत्ता नसताना, सर्वांत मोठ्या पोलीस अधिकाऱ्याने पुढे केलेले पैसे नाकारणाऱ्या सेंगेनीची! ती निर्णय घेते म्हणून तो खटला उभा राहतो. तरी जाहिरातीत चेहरा वकिलाचा असतो. तेव्हा विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे, आणि ती मी वकील असून करतो आहे : आपल्या लघुपटात वकिलाला एकच प्रसंग द्या. न्यायालयाच्या फाटकाजवळ टंकलेखकाशेजारी उभे राहून तो प्रतिज्ञापत्राचा मसुदा सांगतो आहे, एवढाच प्रसंग पुरेसा आहे.

हा साचा मोडता येतो, हे महाराष्ट्रातच सिद्ध झाले आहे आणि तेही लघुपटातून. नागराज मंजुळे यांचा ‘पिस्तुल्या’ हा त्यांच्या विद्यार्थिदशेतील लघुपट. शाळेची ओढ असलेल्या पारधी मुलाची ती गोष्ट. २०१० सालासाठीच्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत कथाबाह्य विभागातील पदार्पणाचा पुरस्कार तिला मिळाला. त्यानंतर आला ‘फँड्री’. त्यातील जब्याची जात कळण्याच्या आधी आपल्याला त्याला काय हवे आहे ते कळते. त्याला काळी चिमणी हवी आहे आणि शालूने आपल्याकडे पाहावे असे वाटते आहे. ज्याला काही हवे असते तोच पक्षकार होऊ शकतो. दावा दाखल करताना वादीची मागणी काय ते लिहावे लागते, मागणीच नसेल तर दावा उभाच राहत नाही. आणि अखेरचा दगड जब्याच उचलतो, त्याच्या वतीने दुसरा कोणी उचलीत नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला २०१४ सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात गटारात मरण पावलेल्या कामगाराची विधवा साक्षीला उभी राहते. आत वायू आहे की नाही हे आपला नवरा कसे ओळखत असे, ते ती सांगते : खडा टाकायचा आणि झुरळे बाहेर येतात का ते पाहायचे. एकही अश्रू न काढता सांगितलेली ही एक गोष्ट दहा मिनिटांच्या करुण संगीतापेक्षा जास्त सांगून जाते, कारण त्यात त्या माणसाचे ज्ञान आहे. तमिळमधील ‘परियेरुम पेरुमल’चा (२०१८) नायक तर कायद्याचाच विद्यार्थी आहे. अपमान त्याचा होतो आणि त्या अपमानानंतर काय बोलायचे हेही तोच ठरवितो.

आता प्रत्यक्ष आखणीकडे वळू. सफाई कामगार स्त्रीवरच लघुपट करावयाचा असेल तर गोष्ट कल्पनेतून शोधण्याची गरज नाही. मुंबई महानगरपालिकेतील २,७०० कंत्राटी सफाई कामगारांचा लढा कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे चालविला. औद्योगिक न्यायाधिकरणाने या कामगारांना कायम ठरविले आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही तो निर्णय टिकला. वृत्तपत्रांच्या दृष्टीने बातमी येथे संपली. परंतु त्यानंतरही शेकडो कामगारांची प्रकरणे अडून राहिली आणि त्याचे एक कारण होते कागदोपत्री नावांतील तफावत! यादीत एक नाव, शिधापत्रिकेवर दुसरे, बँकेच्या पुस्तकावर तिसरे. देशाच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकलेला माणूस एका वेलांटीने अडतो. याहून मोठे नाट्य कोणत्या पटकथाकाराला हवे आहे?

समजा, आपल्या नायिकेचे नाव सुमन आहे. तिच्या सासऱ्यांनी धम्मदीक्षेनंतर जुने, जात सांगणारे आडनाव टाकून गावावरून नवे आडनाव घेतले. तिच्या सर्व कागदांवर ते नवे आडनाव आहे. पण कामाला लागली त्या दिवशी मुकादमाने हजेरीवर आपल्या मनाने जुनेच आडनाव चढविले. आज कायम होण्याच्या यादीत तेच आहे. कारकून तसा भला माणूस आहे. तो म्हणतो, बाई, कशाला वाद घालता? यादीतले नाव माझेच आहे असे प्रतिज्ञापत्र करून द्या, सगळे कागद त्या नावाने करून घ्या, नोकरी पक्की. नाव दुरुस्त करायचे म्हटले तर यादी परत वर जाणार, किती महिने लागतील सांगता येत नाही. तिच्याकडे फक्त अर्धा दिवस आहे, दुपारी चौकीवर हजेरी आहे. भाकरी की नाव? लघुपट बारा मिनिटांचा असू द्या, एकाच दिवसाचा असू द्या, पण या प्रश्नाचे उत्तर सुमनने दिले पाहिजे. ती जुने आडनाव स्वीकारून सही करील, किंवा कागद परत घेऊन उठेल, किंवा आपल्याला न सुचलेला तिसरा मार्ग काढील. तिने सही केली म्हणून तिचा स्वाभिमान कमी ठरत नाही. घरी भाडे थकलेले असताना सही करणे हाही विचार करून घेतलेला निर्णय असू शकतो. लेखकाने तिच्या वतीने घोषणा देऊ नये आणि प्रेक्षकाने तिच्या वतीने रडू नये, एवढे पथ्य पाळले की ती साक्षीदार राहत नाही, पक्षकार होते.

या आखणीत खलनायक नाही, हेही ध्यानात घ्यावे. आजची जात प्रत्येक वेळी मिशीला पीळ देऊन येत नाही. कंत्राटाच्या अटीत, हजेरीच्या रकान्यात, कारकुनाच्या सहानुभूतीतही ती असते. ती तेथे दाखविणे हेच विद्यार्थ्यांचे काम आहे. त्यासाठी लागते ती माहिती. हजेरी किती वाजता लागते? हातमोजे मिळतात का? मिळाले तर कोणत्या मापाचे? रजा टाकली तर किती पैसे कापले जातात? ही माहिती पुस्तकात सापडणार नाही. ती चौकीवर आणि घरी बसून विचारावी लागेल. पटकथेआधी किमान आठ दिवस यासाठी ठेवले पाहिजेत.

येथे आपल्याच घरातून एक आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आपल्या शिकलेल्या, नोकरीत स्थिरावलेल्या कुटुंबांतून विचारले जाते, झाडूवाली कशाला दाखवता? आपला कलेक्टर दाखवा, डॉक्टर दाखवा. सत्तर-ऐंशी वर्षे लोकांनी आपले दैन्यच दाखविले, आता आपणही तेच करावयाचे काय? या आक्षेपात तथ्य आहे. दैन्याचा बाजार पुष्कळ झाला. परंतु त्यावर उपाय झाडू लपविणे हा नाही. झाडू हाती असलेल्या बाईची बुद्धी, तिचा हिशेब, तिची थट्टा, तिचा राग दाखविणे हा त्यावर उपाय आहे. कलेक्टरची गोष्ट जरूर करा. पण तोही केवळ दिव्याच्या गाडीतून उतरत असेल आणि त्याच्यापुढे निर्णयाचा प्रसंगच नसेल, तर तोही शोभेचाच. दैन्य आणि वैभव या दोन टोकांच्या मधे जगणारा आपला बहुसंख्य समाज अजून पडद्यावर आलेलाच नाही.

शिवाय, पडद्यावर कोण नाही याचा हिशेब मांडताना आपल्याही चित्रात कोण नाही हे पाहिले पाहिजे. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद झाली, तिला हजारो स्त्रिया आल्या होत्या. त्या पिढीतील स्त्रियांना शोधून, त्यांच्या मुलाखती घेऊन उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ मध्ये सिद्ध केले. त्यातील एकेक बाई एकेका लघुपटाची नायिका आहे. आपल्या किती विद्यार्थ्यांनी ते वाचले आहे? मातंग, मेहतर, पारधी, कैकाडी समाजांतील माणसे आपल्या मंचावर किती आणि आपल्या पटकथेत किती, हाही प्रश्न आहे. जो दुसऱ्याला जाब विचारतो त्याने आपली वही स्वच्छ ठेवली पाहिजे.

ज्याची गोष्ट सांगतो त्याचा हक्क कॅमेऱ्याच्या मागेही असतो. कंत्राटी कामगाराने कॅमेऱ्यासमोर तोंड उघडले तर दुसऱ्या दिवशी त्याला कामावरून बंद केले जाऊ शकते. लघुपटाला करंडक मिळेल आणि तिची नोकरी जाईल, असा सौदा आपण करणार आहोत काय? तेव्हा खऱ्या कामगाराचे चित्रण करावयाचे असेल तर संमतिपत्र मराठीत करा आणि ते तिला मोठ्याने वाचून दाखवा. प्रदर्शनापूर्वी संमती काढून घेण्याचा हक्क त्यात लिहा. तिचा जेवढा रोज बुडेल तेवढा भरून द्या. चेहरा दाखवू नका म्हणाली तर दाखवू नका. चित्रीकरणाच्या जागी आपले कप आपण विसळा, केर आपण काढा. ही बारीक गोष्ट नव्हे. पहिल्या दलित राष्ट्रपतींचे नाव असलेल्या केरळमधील के. आर. नारायणन चित्रपट संस्थेत २०२२ च्या डिसेंबरात विद्यार्थ्यांनी संप केला. जातिभेद होतो आणि सफाई कामगार स्त्रियांना संचालकांच्या घरी राबविले जाते, असा त्यांचा आरोप होता. जानेवारी २०२३ मध्ये संचालकांना पद सोडावे लागले. सिनेमा शिकणाऱ्या मुलांनी सफाई करणाऱ्या स्त्रियांसाठी दिलेला तो लढा आपल्या विद्यार्थ्यांना माहीत असला पाहिजे.

कायद्याच्या दोन-तीन गोष्टी थोडक्यात. लेखकाच्या वा कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क चालू राहतो. अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले, म्हणजे त्यांच्या कथेवर लघुपट करण्यासाठी २०२९ अखेरपर्यंत हक्कदारांची परवानगी लागेल. वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले, त्यांचे गीत वापरण्यापूर्वीही परवानगी घ्या आणि श्रेयनामावलीत नाव द्या. आपलेच गाणे आहे, कोण विचारतो, असे म्हणू नका. शाहिरांच्या घरांनी पुष्कळ सोसले आहे. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन मात्र २०१७ पासून सर्वांसाठी खुले आहे. सार्वजनिक प्रदर्शनाला १९५२ च्या चलचित्र कायद्यानुसार प्रमाणपत्र लागते आणि तेथे जातीच्या उल्लेखावर कात्री कशी चालते हे २०२५ च्या ‘फुले’ चित्रपटाच्या वेळी आपण पाहिले. ११ एप्रिलला यावयाचा तो चित्रपट बदल सुचविल्यानंतर २५ एप्रिलला आला. जातींची नावे काढा म्हणजे जात गेली, असा हा न्याय! म्हणून पटकथेतच स्पष्ट असावे की जातिवाचक शब्द पात्राच्या तोंडी आहे, चित्रपटाच्या तोंडी नाही. तो का आहे हे आपल्याला सांगता आले पाहिजे, आणि सांगता येत नसेल तर तो शब्द आपणच काढावा.

शेवटची गोष्ट पहिल्या खेळाची. लघुपट तयार झाला की तो आधी स्पर्धेला पाठविला जातो. हा क्रम उलटा केला पाहिजे. पहिला खेळ वस्तीतल्या विहारात, पांढऱ्या चादरीवर का होईना, ज्यांची गोष्ट आहे त्यांच्यासमोर व्हावा. कार्यकर्त्यांनी त्यासाठी विहाराची जागा आणि प्रक्षेपक उपलब्ध करून द्यावा, एवढी जबाबदारी चळवळीने घेण्यास हरकत नाही. चळवळीतील वकिलांनी संमतिपत्र आणि परवानगीची पत्रे विनामूल्य तयार करून द्यावीत, मी ती देण्यास तयार आहे. खेळ संपल्यावर दिग्दर्शकाने भाषण करू नये. समोर बसलेल्या बायकांना विचारावे, आमचे काय चुकले? त्या हसतील, मोज्यांचे माप चुकले म्हणतील, आमचा मुकादम असा बोलत नाही म्हणतील. कदाचित त्या म्हणतील, शेवट बदला. तो बदलता येईल एवढा वेळ स्पर्धेच्या तारखेआधी हाताशी ठेवा.

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढला तो याच कारणाने. इतरांच्या पत्रांत आपल्या प्रश्नांना जागा नव्हती आणि मिळाली तर ती इतरांच्या मर्जीने मिळत होती. शंभर वर्षांनंतर छापखान्याच्या जागी मोबाईल आला आहे आणि तो आपल्या मुलांच्या खिशात आहे. त्यांच्या पटकथेतील ‘सफाई कामगार स्त्री, वय ४०’ ही ओळ खोडून तेथे तिचे नाव लिहिले गेले पाहिजे, आणि त्या नावाचे स्पेलिंग तिला विचारून लिहिले गेले पाहिजे.